रात्रीची वेणी सैलच बरी

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी सोलापुरात अक्कलकोट रोडला राहते. माझे केस मांडीपर्यंत आहेत, दाट आहेत, लग्नाआधीपासून जपलेले. मोठी मुलगी दुसरीत आहे आणि दुसरं बाळ पाच महिन्यांचं झालं. मिस्टर यंत्रमागावर आहेत, मी घरीच युनिफॉर्मचं जॉबवर्क शिवते. आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसांआड येतं, तेही बहुतेक रात्री. मग पाणी आलं की केस धुवायचे आणि ओलेच बांधून झोपायचं, असं चाललंय. सासूबाई म्हणतात, घट्ट वेणी घाल म्हणजे गुंता होणार नाही. पण सकाळी वेणी सोडली की मानेजवळ गुंत्याचा गोळा आणि फणीत केसांचा पुंजका. कपाळाच्या दोन्ही बाजू ठणकतात. बहिणीने साटीनची टोपी आणून दिली, ती मध्यरात्री निघून पडते आणि या दिवसांत डोक्याला घाम येतो तो वेगळाच. रात्री बाळाला पाजायला दोन-तीनदा उठते तेव्हा केस त्याच्या तोंडावर येतात. जाऊबाई म्हणतात, कापून टाक एकदाचे. माझं मन होत नाही. झोपताना केसांचं काय करू, म्हणजे केस वाचतील आणि मलाही झोप लागेल?

उत्तर:

ताई, नमस्कार.

पहिल्यांदा टोपीची काळजी सोडा. तुमचे केस उशीवर घासून जेवढे तुटत असतील, त्याहून जास्त ते ओले असताना आवळून बांधल्यामुळे तुटतायत. आधी ते थांबवू. उशी, अभ्रा, टोपी हे सगळं त्यानंतर.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला जेमतेम १५ सेंटिमीटर. मांडीपर्यंतचे केस ११० सेंटिमीटर धरले, तर तुमच्या वेणीचं टोक सात वर्षांपूर्वी टाळूतून बाहेर आलेलं आहे. तुमची दुसरीतली मुलगी तान्ही होती तेव्हाचं. त्या टोकाने तेव्हापासून किती उन्हाळे, किती फण्या आणि किती उशा सोसल्या असतील! टाळूबाहेर आलेला केस निर्जीव असतो, जखम भरून यावी तसा तो भरून येत नाही. त्याच्यावर एकावर एक बसलेल्या खवल्यांचं पातळ आवरण असतं. ते घासून निघालं की आतला गाभा उघडा पडतो, टोकाला फाटे फुटतात, खरखरीत झालेले केस एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. मिस्टरांना विचारा, उभं सूत मागावर चढवण्याआधी त्याला खळ का देतात. फणीतून हजारो वेळा घासत जाताना धागा तुटू नये म्हणून. रात्री लांब केसांसाठी जे काही करायचं ते त्याच कारणासाठी, घासणं आणि ताण कमी व्हावा म्हणून.

आता ओल्या केसांचं बघू. पाणी शोषून केस फुगतो आणि त्या अवस्थेत तो कोरड्या केसापेक्षा जास्त ताणला जातो, लवकर तुटतो. तुम्ही तो ओढून घट्ट वेणीत बसवता. वाळताना तो थोडा आखडतो, आणि आधीच घट्ट असलेली वेणी रात्रीतून आणखी आवळत जाते. कपाळाच्या बाजू ठणकतात त्या यामुळे. शिवाय इतक्या दाट केसांची वेणी सकाळपर्यंत आतून वाळतही नाही. उद्या सोडल्यावर मधल्या पेडांना हात लावून बघा, दमट लागतील. टाळू रात्रभर ओलसर राहिली की कोंडा असेल तर तो वाढतो आणि केसांना कुबट वास धरतो. ओल्या केसांनी झोपू नये असं जुन्या बायका सांगायच्या ते योग्यच होतं. सर्दी विषाणूमुळे होते, ओल्या केसांमुळे नाही, पण केसांच्या बाबतीत त्यांचं म्हणणं शंभर टक्के मानावं.

पाणी कधी येतं हे आपल्या हातात नाही, हे सोलापुरात राहणाऱ्या बाईला मी काय सांगणार. नळ आला की पिंप, टाकी, बादल्या, धुणं, सगळं एकदम अंगावर येतं आणि त्या धांदलीत ‘आत्ताच डोक्यावरूनही घेऊन टाकू’ असं होतं. पण पाणी भरणं आणि न्हाणं एकाच रात्री असायला हवं असं काही नाही. पाणी येईल त्या रात्री नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या फक्त केसांसाठी झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी मोठी शाळेत गेली आणि बाळ न्हाऊमाखू घालून झोपलं की त्या वेळात केस धुवा. दुपारी आपल्याकडची कोरडी हवा अर्धं काम करते. उन्हाळ्यात तर सावलीत बसलात तरी केस भराभर वाळतील, थेट कडक उन्हात बसायची गरज नाही. पाणी कमी पडत असेल आणि पहिलं धुणं बोअरच्या पाण्याने करावं लागत असेल, तर शेवटचं खळखळून धुणं मात्र या साठवलेल्या नळाच्या पाण्याने करा. बोअरच्या क्षाराच्या पाण्यात शाम्पू नीट फेसाळत नाही, आणि ते पाणी तसंच वाळलं की केस राठ लागतात. राठ केस रात्री जास्त गुंततात.

केस पुसायला टर्किश टॉवेल घेऊ नका. सोलापुरी टॉवेल आणि चादर दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, आपल्या गावाची ती ओळख आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण टॉवेलच्या उभ्या टाक्यांत ओला केस अडकतो आणि रगडताना तुटतो. जुना सुती पंचा किंवा मिस्टरांची जुनी बनियन घ्या. केस त्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं डोक्यावर राहू द्या, पाणी टिपलं जातं. पंच्याने फटके मारून केस झटकायची आपल्याकडे सवय असते, ती लांब केसांसाठी फार वाईट.

कधी रात्रीच धुवावे लागले, पाहुणे आले, सण आला, तर संध्याकाळी सातपर्यंत आटपा आणि झोपेपर्यंत पंख्याखाली मोकळे ठेवा. तरीही दमट राहिले तर त्या रात्री वेणी घालूच नका. मानेशी एक सैल कापडी रबर लावा, उशीच्या वरच्या अंगाला कोरडा पंचा पसरा आणि केस त्यावर वरच्या बाजूला सोडून झोपा. सकाळी थोडा गुंता होईल, तो बोटांनी सुटेल. तुटलेला केस मात्र परत जोडता येणार नाही.

फणीतल्या पुंजक्याबद्दल तुम्ही घाबरलेल्या दिसता. त्यातले चार केस उचलून उजेडात बघा. केस पूर्ण लांबीचा असेल आणि एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल, तर तो मुळातून गळलेला आहे. तुकडा आखूड असेल आणि ठिपका नसेल, तर तो तुटलेला आहे. दोन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे. रोज ५० ते १०० केस गळणं कुणाच्याही बाबतीत होतंच. तुमच्या बाबतीत त्यात बाळंतपणाची भर आहे. गरोदरपणात शरीरातल्या स्त्री-संप्रेरकांमुळे केस नेहमीपेक्षा जास्त काळ टिकतात, म्हणून त्या दिवसांत ते दाट वाटतात. बाळंतपणानंतर ही संप्रेरकं एकदम उतरतात आणि जे केस गळायचे राहिले होते ते सगळे मिळून गळायला लागतात. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात हे सुरू होतं आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेक बायकांचे केस पूर्ववत होतात. ही गळती कुठलीच वेणी, कुठलंच तेल थांबवत नाही, आणि ती तुमच्या कुठल्या चुकीमुळेही होत नाही. तेवढं मनातून काढून टाका. बाळंतपणानंतर सहा महिने घ्यायच्या लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, त्या चालू आहेत ना हे मात्र बघा. वर्ष उलटून गेलं तरी गळती थांबली नाही, डोक्यावर कुठे गोल चट्टा पडला, किंवा सतत थकवा वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवून रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या.

आपण जो वाचवू शकतो तो तुटणारा केस. त्यासाठी सासूबाईंच्या घट्ट वेणीला नाही म्हणावं लागेल. त्यांचं अर्धं बरोबर आहे, मोकळे केस रात्री गुंततात. चूक आहे ती आवळण्यात. घट्ट वेणीने मुळं रोज त्याच दिशेने ओढली जातात, आणि महिनोन्‌महिने असं चाललं तर कानशिलाजवळचे, कपाळाच्या कडेचे केस विरळ होत जातात. डॉक्टरांनी हे १९०७ मध्ये ग्रीनलंडमधल्या, केस वर ओढून बांधणाऱ्या बायकांमध्ये पहिल्यांदा नोंदवलं. सुरुवातीला ताण बंद केला की ते केस परत येतात, फार वर्षं झाली की येत नाहीत. ठणकणं हा पहिला इशारा असतो. कपाळाच्या कडेला बारीक पुळ्या येणं हा पुढचा. तुम्ही अजून पहिल्या पायरीवर आहात, वेळेत विचारलंत. सासूबाईंना शब्दांनी पटवत बसू नका, त्यांच्याच हातून सैल वेणी घालून घ्या. आठ दिवसांत गुंता कमी झालेला त्यांना स्वतःलाच दिसेल.

आता तुम्ही रात्री नेमकं काय करायचं ते सांगते. हे तुमच्यासाठी आहे, कारण तुम्ही बाळाला पाजताना कधी या कुशीवर असता, कधी त्या. वेणी एका बाजूला घेतली तर अर्धी रात्र ती अंगाखाली येणार. मानेशी अंबाडा घातला तर उताणं झोपता येणार नाही. राहिली ती एकच जागा, डोक्याचा माथा. तो कुठल्याच कुशीवर उशीला टेकत नाही.

झोपण्याआधी कोरडे केस मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून विंचरत वर या. गुंता लागला तर त्याच्या वर केस मुठीत धरा, म्हणजे मुळाला हिसका बसत नाही. मग डोकं थोडं पुढे झुकवा आणि सगळे केस माथ्यावर हातानेच गोळा करा. फणी फिरवून चापूनचोपून बसवायचे नाहीत, मध्ये उंचवटे राहिले तर राहू द्या. तिथे रुंद कापडी रबर लावा, एक वेढा, फार तर दीड. त्यापुढे तीन पेडांची सैल वेणी घाला. टोकाशी चार बोटं केस उरले की ते आत दुमडून मऊ कापडाच्या पट्टीने बांधा, कारण सात वर्षांचं ते टोक सगळ्यात आधी झाकायला हवं. ही वेणी माथ्यावरच्या रबराभोवती सैल गुंडाळा, टोक खाली दडवा आणि वरून दुसरं मोठं कापडी रबर चढवा. आकडा नको, पीन नको, क्लचर तर अजिबात नको. कडक वस्तू झोपेत टोचते आणि तिच्या कडेवर केस तुटतात.

घातल्यावर दोन गोष्टी तपासा. भुवया वर उचला, कपाळाच्या कडेला ओढ लागता कामा नये. रबराखाली तर्जनी सरकवून बघा, सहज गेली पाहिजे. मग आडव्या व्हा. पाच मिनिटांत वेणीची आठवण झाली, तर उठून ती आणखी सैल करा. आरामाचं मोजमाप एवढंच. दिवसभर मशीनवर बसून, रात्री दोन-तीनदा उठणाऱ्या बाईने केसांसाठी झोप मोडून घ्यावी हे मला मान्यच नाही. पहाटेपर्यंत चार बटा सुटून आल्या तरी चालेल. माथ्यावरची जागा रोज थोडी पुढे-मागे करा, म्हणजे रोज त्याच केसांवर वळ पडणार नाही.

बाळाचं वेगळं सांगायचं आहे आणि हे कृपया नीट वाचा. बाळ शेजारी झोपत असेल तर लांब वेणी मोकळी सोडून झोपू नका. रुमाल किंवा ओढणी डोक्याला बांधून झोपू नका, ती सुटून बाळाच्या तोंडावर येऊ शकते. लांब नाडी असलेलं काहीच अंथरुणात नको. दुसरं, तुमचे केस सध्या गळतायत, आणि गळलेला लांब केस बाळाच्या पायाच्या किंवा हाताच्या बोटाला गुंडाळला जाऊन घट्ट बसू शकतो. तो इतका बारीक असतो की पटकन दिसत नाही, पण बोटाचा रक्तपुरवठा अडतो. मुलग्यांमध्ये शूच्या जागीही असं होतं. म्हणून बाळाचे मोजे, हातमोजे, लंगोट घालण्याआधी उलटे करून बघा. बाळ विनाकारण रडत राहिलं आणि शांत होत नसेल तर कपडे काढून एकेक बोट तपासा. बोट लाल, सुजलेलं दिसलं, मध्ये खाच पडलेली दिसली, तर घरी ब्लेडने कापायला जाऊ नका. रात्र असो की पहाट, थेट सिव्हिल हॉस्पिटल किंवा जवळचा बालरोगतज्ज्ञ गाठा. असं क्वचितच होतं, पण केस मांडीपर्यंत असलेल्या आईला हे माहीत असायलाच हवं.

आता उशी. बऱ्याच घरांत उशीवर चादर दुमडून घेतात. सोलापुरी चादर अंगावर घ्यायला उत्तम, पण तिची वीण जाड असते, मान वळली की तिच्यावर केस घासतो. साटीन गुळगुळीत, केस त्यावरून सरकतो. बाजारात रेशमी अभ्रे महाग मिळतात, त्यांची गरज नाही. साटीन ही विणण्याची पद्धत आहे, धागा पॉलिएस्टरचा असला तरी केसाला घसरण मिळतेच. नवी पेठेत कुठल्याही कापडाच्या दुकानात ४४ इंच पन्ह्याचं साटीनचं अस्तर मिळेल. १७ बाय २७ इंचाच्या उशीसाठी १९ इंच रुंद आणि ६२ इंच लांब पट्टी काढा. पन्ह्यातून अशा दोन पट्ट्या निघतात, म्हणजे पावणेदोन मीटरमध्ये दोन अभ्रे. लांबीत ६ इंच आत दुमडण्यासाठी सोडा, म्हणजे बटण, चेन काही लागत नाही. साटीनचे धागे फार सुटतात, कडा इंटरलॉक करून घ्या. नवं कापड आधी धुवा, गडद रंग उतरतो. उरलेल्या तुकड्यांतून वर सांगितलेली कापडी रबरं होतील. युनिफॉर्मच्या कापडाच्या चिंध्या मात्र त्यासाठी नकोत, त्या खरखरीत असतात.

एक अडचण मला दिसते. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि पॉलिएस्टरचं साटीन घाम टिपत नाही. त्या दोन महिन्यांत ते गालाला चिकटत असेल तर खुशाल काढून ठेवा आणि जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचा अभ्रा घाला. केस माथ्यावर असल्यावर उशीशी त्यांचा संबंध तसाही मानेजवळच्या बारीक केसांपुरताच उरतो. अभ्रा कुठलाही असो, आठवड्याला बदला. तेल आणि घाम त्यात साठतो.

टोपीचं म्हणाल तर ती बहिणीने प्रेमाने आणली आहे, फेकू नका. ती निघते कारण तिचं इलॅस्टिक तुमच्या केसांच्या आकारमानाला पुरत नाही, आणि पुरेल इतकं घट्ट केलं तर पुन्हा कपाळाच्या कडेवर वळ पडतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, बाळ स्वतंत्र झोपायला लागलं की, इलॅस्टिक उसवून तिथे थोडं रुंद आणि सैल घाला आणि टोपीचा घेरही वाढवा. तोवर ती कपाटात असू दे.

बाळ मोठं झाल्यावर तुम्हाला माथ्यावरच्या वेढ्याचा कंटाळा येईल तेव्हा वेणीला गवसणी शिवा. साटीनची लांब पिशवी, आडवी ४ इंच आणि वेणीपेक्षा तीन बोटं लांब, खालचं तोंड बंद, वरच्या तोंडाला टिच बटण. सैल वेणी त्यात सरकवायची आणि उशीच्या वरून मागे सोडायची. अंगाखाली येत नाही, घासत नाही, आणि शेजारी झोपलेल्याच्या हाताखाली अडकली तरी केस ओढले जात नाहीत. ज्या वाचक मैत्रिणींना लहान मूल नाही, त्यांनी आजच हे करून बघायला हरकत नाही. नेहमी एकाच कुशीवर झोपणाऱ्यांनी वेणी विरुद्ध कानामागून घ्यावी. केस फार जड असतील तर एकाऐवजी दोन वेण्या घालाव्यात, भार वाटला जातो.

तेल रात्रभर थापून झोपू नका, विशेषतः कोंडा असेल तर. रोज रात्री दोन-तीन थेंब खोबरेल तळहातावर चोळून फक्त खालच्या वीतभर केसांना लावा. धुण्याआधी मात्र खोबरेल चांगलं लावा. खोबरेल केसाच्या आत शिरतं, आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धुताना होणारी केसातल्या प्रथिनांची झीज खोबरेलाने कमी झालेली दिसली. सूर्यफुलाच्या तेलाने आणि मिनरल ऑइलने तसं दिसलं नाही. आपल्या आज्यांचं न्हाण्याआधीचं तेल म्हणजे हेच.

सकाळी घाई असते हे माहीत आहे. वेणी सोडा, बोटांनी पेड मोकळे करा, मग कंगवा. मानेजवळ गोळा झालाच असेल तर त्यावर एक थेंब तेल लावून बोटांनी बाजूबाजूने सोडवा, मधोमध कंगवा घालून ओढू नका.

राहिला जाऊबाईंचा सल्ला. कापायचे की नाही हे फक्त तुम्ही ठरवायचं, आणि बाळंतपणाच्या गळतीला घाबरून तर अजिबात ठरवू नका. पण टोकांना फाटे फुटले असतील तर दोन-तीन इंच सरळ कापून घ्या. फाटा तसाच ठेवला तर तो वर चढत जातो, आणि सैल वेणीतही सगळ्यात आधी तोच गुंततो. तुमच्या वाढीच्या हिशेबाने तीन इंच म्हणजे सहा महिने. तेवढ्यात बाळ चालायला लागेल आणि केसही परत मांडीला टेकतील.

आधी न्हाण्याची वेळ बदला, मग माथ्यावरची वेणी, अभ्रा सवडीने शिवा. तीन-चार आठवड्यांनी कपाळाच्या बाजूंचा ठणका गेला की नाही ते लिहून कळवा. गेला नसेल तर वेणी सोडूनही तो राहतोय का, हेही लिहा. तसं असेल तर मग कारण दुसरं आहे, आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जावं लागेल.